परीक्षा, बंद पडलेला कंप्युटर आणि आपला बिनपगारी प्रकल्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड आणि साताऱ्यातली आम्ही काही मुलं-मुली मिळून मराठी शुद्धलेखन तपासणारा एक मुक्तस्रोत शब्दसंग्रह सांभाळतो. हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या साच्यातला आहे, म्हणजे लिब्रेऑफिसमध्ये टाकला की चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. कोड गिटहबवर असतो, म्हणजे गिट या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या वेबसाइटवर. पगार कोणालाच नाही, परीक्षा सगळ्यांना. दर सेमिस्टरला नव्या मुलांकडून, इतर छोट्या प्रकल्पांकडून आणि कधी कधी आई-वडिलांकडूनही तेच ते प्रश्न येतात. ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीला परीक्षेचे, मग यंत्राचे, शेवटी अडनिडे.

१. मेंटेनर म्हणजे नक्की कोण? मी तर फक्त दोन-तीनदा कोड पाठवलाय.

मग तुम्ही योगदानकर्ते. आलेला कोड वाचून हो-नाही सांगणारा, बगच्या तक्रारी निवडणारा, नवी आवृत्ती बाहेर काढणारा आणि ती फसली की ज्याच्याकडे सगळे वळून बघतात तो मेंटेनर. योगदानकर्त्याला परीक्षेत काहीच करावं लागत नाही, नुसतं थांबलं तरी चालतं. त्यामुळे प्र. २ ते ७ मुख्यतः मेंटेनरसाठी आहेत. यंत्राचे प्रश्न मात्र सगळ्यांनी वाचा, लाइट जाताना पद विचारत नाही.

२. परीक्षेसाठी प्रकल्प महिनाभर बंद ठेवला तर चालतं का?

चालतं. मुक्तस्रोतासाठी एमआयटी परवाना घ्या किंवा जीपीएल, दोन्हींत स्पष्ट लिहिलेलं असतं की सॉफ्टवेअर जसं आहे तसं दिलंय, कसलीही हमी नाही. कायद्यानं तुम्ही कोणाचं देणं लागत नाही.

शिष्टाचारानं मात्र एक गोष्ट लागता: जाताना सांगून जायचं. डेबियन हा १९९३ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर चाललेला लिनक्सचा प्रकल्प. तिथले लोक सुट्टीवर जाताना बाकीच्यांना कळवतात, आणि मूळ मेंटेनर नसताना दुसऱ्यानं पॅकेज दुरुस्त करून चढवायची रीतसर पद्धतच आहे, तिला नॉन-मेंटेनर अपलोड म्हणतात. एवढ्या मोठ्या ठिकाणी माणसाचं गैरहजर असणं गृहीत धरलेलं आहे, तर आपल्या चार जणांच्या प्रकल्पात त्याचं ओझं कशाला घ्यायचं?

३. सुट्टीची सूचना कधी लावायची, काय लिहायचं?

वेळापत्रक जाहीर झालं की त्याच दिवशी. हॉल तिकीट हातात येईपर्यंत थांबू नका, तोवर डोकं जागेवर नसतं. रीडमीच्या (प्रकल्पाच्या पहिल्या पानावरच्या माहितीच्या फाइलच्या) अगदी वर आणि एक पिन केलेला इश्यू (तक्रारींच्या यादीत कायम वर दिसणारी नोंद), एवढ्या दोन जागा पुरतात. आमच्याकडे मजकूर असा असतो:

'१२ एप्रिल ते २० मे या काळात आमच्या परीक्षा आहेत. या दिवसांत कोड तपासला जाणार नाही आणि नवी आवृत्ती निघणार नाही. बग जरूर नोंदवा, परत आल्यावर वाचू. सुरक्षेची अडचण असेल तर सिक्युरिटी टॅबमधून खासगीत कळवा, दोन दिवसांत पोच देऊ.'

यात परतायची तारीख शेवटच्या पेपरनंतर आठवडाभरानं टाकलेली असते. पेपर पुढे जातात, आणि गेले नाहीत तरी पहिले दोन दिवस माणूस झोपतो. 'क्षमस्व', 'गैरसोयीबद्दल दिलगीर' असलं काही लिहू नका. माफी दिसली की लोक घासाघीस सुरू करतात. आणि खासगी तक्रारीची सोय सेटिंगमध्ये आधी चालू करून ठेवा, ती आपोआप चालू नसते.

४. पीएलमध्ये (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत) रोज फक्त एक तास दिला तर? एक तासानं काय बिघडतं?

तास एकच असतो असं वाटतं. एखादा पुल रिक्वेस्ट (कोणीतरी पाठवलेला बदल) उघडला, शेरा लिहिला, समोरच्यानं उत्तर दिलं, आणि मग थर्मोडायनॅमिक्सचं पान समोर असताना डोक्यात त्याचंच उत्तर जुळत राहतं. पीएलमध्ये शून्य, हे आमचं मत ठाम आहे. नोटिफिकेशन बंद करा, नुसती म्यूट नकोत.

बाकी सेमिस्टर इतकं कडक नको. अंतर्गत चाचण्यांच्या आठवड्यात किरकोळ काम होतं: लेबल लावणं, दोनदा आलेल्या तक्रारी जोडणं, शब्दांच्या याद्या तपासणं. सबमिशनचा आठवडा मात्र सगळ्यात फसवा. अभ्यास नसतो म्हणून मोकळं वाटतं, पण जर्नल, प्रिंट, सरांची सही, पुन्हा प्रिंट, यात दिवस कुठे गेला कळत नाही. त्या आठवड्यात आवृत्ती काढायची नाही असा आमच्याकडे लेखी नियम आहे. ओरल संपल्या आणि पीएल सुरू व्हायला दोन दिवस आहेत, तेव्हाही नाही. आवृत्ती काढायची ती शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या मधल्या काळात. तेव्हा काही फुटलं तरी दुरुस्त करायला माणूस शुद्धीवर असतो.

५. पेपरच्या आदल्या रात्री सुरक्षेची त्रुटी कळली तर?

आधी एकच गोष्ट बघा: नुकसान आत्ता होतंय, की होऊ शकतं?

होऊ शकतं, असं असेल तर कळवणाऱ्याला दोन ओळी लिहा. 'मिळालं, खरं वाटतंय, अमुक तारखेपर्यंत परीक्षा आहे, त्यानंतर दुरुस्ती करू, तोवर कृपया जाहीर करू नका.' गूगलच्या प्रोजेक्ट झीरोसारखा त्रुटी शोधणारा कडक गटसुद्धा कंपन्यांना दुरुस्तीला साधारणपणे ९० दिवस देतो, त्यामुळे विद्यार्थ्यानं तीन आठवडे मागितले तर शहाणा माणूस नाही म्हणत नाही. मग पुस्तक उघडा.

नुकसान आत्ता होत असेल, म्हणजे टोकन (पासवर्डऐवजी चालणारी गुप्त किल्ली) चुकून सार्वजनिक झालंय किंवा तुमच्या नावानं भलतंच पॅकेज चढलंय, तर फक्त रक्त थांबवा. टोकन रद्द करा, पासवर्ड बदला, वाईट आवृत्ती मागे घ्या. पायपीआयवर, म्हणजे पायथनची पॅकेजेस मिळतात त्या साइटवर, आवृत्ती 'यँक' करता येते: ती फाइल तिथेच राहते, पण कोणी नेमकी तीच आवृत्ती मागितल्याशिवाय पिप हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम ती उचलत नाही. हे सगळं पाव तासाचं काम आहे. कारण शोधणं, दुरुस्ती, खुलासा, हे पेपर देऊन आल्यावर.

६. 'महत्त्वाचं आहे, आजच करा' म्हणून मागे लागणाऱ्यांचं काय करायचं?

सूचनेची लिंक द्या. दुसऱ्यांदा विचारलं तरी तीच लिंक. तिसऱ्यांदा संभाषण लॉक करा. उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असलं की राग शब्दांत उतरत नाही. खूपच घाई असेल त्याला फोर्क करायची, म्हणजे स्वतःची वेगळी प्रत काढून चालवायची, पूर्ण मुभा आहे, आणि हे टोमणा म्हणून म्हणायचं नाही, खरोखर मुभा आहे.

७. परीक्षेपुरत्या चाव्या दुसऱ्या कोणाला द्यायच्या का?

द्यायच्या, पण आधी दोन घटना माहीत असू द्या. २०१८ मध्ये ईव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम (जावास्क्रिप्टच्या) पॅकेजच्या मूळ लेखकानं, स्वतःला वेळ नाही म्हणून, मदतीला आलेल्या अनोळखी माणसाकडे ते सोपवलं. त्या माणसानं बिटकॉइन पाकिटं चोरणारा कोड आत सरकवला. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड युटिल्स या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत गुपचूप आत शिरायचा मागचा दरवाजा सापडला. तिथे तर एकानं दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करून विश्वास कमावला होता, आणि त्याच काळात इतर खात्यांवरून 'काम फार हळू चाललंय, दुसरा मेंटेनर आणा' असा दबाव थकलेल्या मूळ मेंटेनरवर येत होता. प्र. ६ मधला तगादा नेहमी साध्या उतावळेपणातूनच येतो असं नाही, म्हणून हे सांगितलं.

आता आपलं. पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही, खात्याला अधिकार द्यायचा. गिटहबवर ऑर्गनायझेशनच्या (गटाच्या खात्याच्या) रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन, अ‍ॅडमिन अशा पायऱ्या आहेत. परीक्षेपुरतं ट्रायाज बहुतेक वेळा पुरतं: माणूस तक्रारी निवडतो, बंद करतो, पण कोड आत घालू शकत नाही. राइट द्यावाच लागला तर कोडच्या मुख्य शाखेवर 'दुसऱ्यानं तपासल्याशिवाय मर्ज नाही', म्हणजे बदल आत मिसळायचा नाही, ही अट लावा. आवृत्ती काढायचं टोकन मात्र कोणालाच नको.

कोणाला द्यायचं, याचं उत्तर आपल्या भागात बरं आहे. आमच्यात सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची आणि कराडच्या गव्हर्नमेंट कॉलेजची मुलं आहेत, ही दोन्ही स्वायत्त, स्वतःचं वेळापत्रक लावणारी. काहींची परीक्षा शिवाजी विद्यापीठाची, काहींची लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची. सगळ्यांचे पेपर एकाच आठवड्यात येणं अवघड. मेंटेनर निवडताना कोणाची परीक्षा कधी, हे मुद्दाम बघतो. एकाच वर्गातले चार जिगरी दोस्त मिळून प्रकल्प चालवत असतील तर मे महिन्यात तो अनाथ होणारच. आणि ज्याला अधिकार देताय त्याच्याबरोबर एकदा समोरासमोर चहा झालेला असावा. सांगली-सातारा तीन तासांच्या आतलं अंतर आहे, हे जमतं.

८. लाइट गेली, कंप्युटर धाडकन बंद पडला. आता गिट म्हणतं ऑब्जेक्ट फाइल रिकामी आहे. सगळं गेलं का?

बहुधा नाही. एप्रिल-मेमध्ये वळीव आला की हा प्रश्न हमखास येतो. होतं असं: कमिट करताना (बदल इतिहासात नोंदवताना) गिट छोट्या छोट्या फाइली लिहितो. फाइलचं नाव डिस्कवर नोंदलं जातं, पण आतला मजकूर अजून मेमरीतच असतो, आणि तेवढ्यात विजेचा डीपी उडतो. मागे उरते शून्य बाइटची फाइल.

या क्रमानं जा. पहिल्यांदा अख्खा फोल्डर, आतल्या लपलेल्या डॉट-गिटसकट, दुसरीकडे कॉपी करा. जे प्रयोग करायचे ते कॉपीवर. मग डॉट-गिटमधल्या ऑब्जेक्ट्स फोल्डरातल्या फक्त शून्य बाइटच्या फाइली काढून टाका आणि गिट फेच करा. जे आधी सर्व्हरवर चढवलं होतं ते परत येतं. नंतर गिट एफएससीके (fsck) ही तपासणी 'फुल' पर्यायासह चालवा, काय अजून गायब आहे ते तो सांगेल.

शेवटचा, न चढवलेला कमिटच गेला असेल तर डॉट-गिटच्या लॉग्जमध्ये हेड नावाची साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रत्येक कमिटचा आधीचा आणि नंतरचा क्रमांक ओळीनं लिहिलेला असतो. शेवटून दुसरा चांगला क्रमांक घ्या आणि शाखा त्यावर आणा, पण 'हार्ड' रीसेट नको, कारण तुमच्या प्रत्यक्ष फाइली अजून फोल्डरात शाबूत असतात. इंडेक्सही (पुढच्या कमिटची यादी) बिघडला असेल तर ती फाइल काढून साधा रीसेट द्या, गिट ती नव्यानं बनवतो. मग पुन्हा कमिट करा. गेला फक्त कमिटचा संदेश.

हे वारंवार होत असेल तर गिटच्या २.३६ आवृत्तीपासून कोअर-एफसिंक नावाची सेटिंग आहे. ती 'ऑल' केली की गिट मजकूर डिस्कवर खरोखर पोचेपर्यंत थांबतो. थोडं हळू होतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यात परवडतं.

९. यूपीएस घ्यावा का? घरी इन्व्हर्टर आहे तरी कंप्युटर रीस्टार्ट होतो.

बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर मागे किंवा बाजूला एक छोटा स्विच असतो, एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको'. नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर बदल व्हायला जरा वेळ लागतो. पंख्याला कळत नाही, कंप्युटरला कळतं. तो यूपीएसवर करून बघा, अनेकांचा प्रश्न फुकटात सुटतो.

वेगळा यूपीएस घेतलात तर नेहमीचा ६०० व्हीएचा साध्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो, तेही बॅटरी चांगली असेपर्यंत. ती दोन-तीन वर्षांत दम सोडते. दहा मिनिटं फाइल सेव्ह करून बंद करायला आहेत, बिल्ड (कोडपासून प्रोग्रॅम बनवणं) संपवायला नाहीत. आणि वीज कडाडायला लागली की पिन काढाच, राउटरची आणि नेटवर्कच्या वायरचीसुद्धा. वायरीतूनही झटका येतो हे लोक विसरतात.

१०. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय. अजून चालू होतेय. काय करू?

बंद करा. 'चालू होतेय तोवर जरा' हा विचार सोडा. चेकडिस्क किंवा एफएससीके (डिस्क तपासणारे प्रोग्रॅम) चालवू नका, ते डिस्कवर लिहितात आणि मरायला टेकलेल्या डिस्कला आणखी पळवतात. डिस्क फ्रिजमध्ये ठेवायचा जुना तोडगाही नको, आत दव धरतं.

दुसऱ्या कंप्युटरला जोडून, किंवा लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून पूर्ण डिस्कची प्रत घ्या. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो आणि बिघडलेल्या जागांकडे नंतर वळतो. त्याला मॅप फाइल दिली की कुठवर आलो ते तो लिहून ठेवतो, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी पुढून सुरू करता येतं. काढायचं ते त्या प्रतीवरून काढा. आधी फायनल इयरच्या प्रोजेक्टचा रिपोर्ट, मग न चढवलेल्या शाखा, मग किल्ल्या (कोणत्या, ते प्र. १५ मध्ये). प्रकल्पाच्या मुख्य कोडची काळजी नको, तो प्रत्येकाच्या क्लोनमध्ये (उतरवलेल्या प्रतीत) पूर्ण इतिहासासकट आहे.

रिपोर्टची एकुलती एक प्रत त्यात असेल आणि आवाज जोरात असेल तर स्वतः काहीच करू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. साध्या दुरुस्तीच्या दुकानात दिलीत तर पावतीवर 'डेटा पुसू नये' असं लिहून घ्या. 'फॉरमॅट मारून देतो' हे तिथलं रामबाण औषध असतं.

आवाज यायच्या आधीच कळायला हवं असेल तर लिनक्सवर स्मार्टसीटीएल किंवा विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो बघा. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर आणि १९७ म्हणजे वाचता न आलेले, वाट बघणारे सेक्टर. हे शून्याच्या वर जाऊन वाढत राहिले की डिस्क बदलायची वेळ झाली. एसएसडी मात्र टकटक करत नाही, एक दिवस सरळ दिसेनाशीच होते. आणि ट्रिम (पुसलेली जागा रिकामी करून टाकायची सोय) चालू असेल तर तिच्यावरून पुसलेलं परत मिळण्याची आशा जवळजवळ नसते.

११. पेपर परवा आहे आणि कंप्युटर सुरूच होत नाही.

अर्धा तास, घड्याळ लावून. दुसरा सॉकेट, दुसरी वायर. मग पिन काढून कॅबिनेट उघडा, रॅम काढा, तिची सोनेरी पट्टी पेन्सिलच्या साध्या खोडरबरानं हलकेच पुसा, कचरा झटका, 'कट' आवाज येईपर्यंत परत बसवा. दुरुस्तीवाला बऱ्याचदा पहिल्यांदा हेच करतो. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. स्क्रीन आली पण विंडोज येत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा आणि नोट्स काढून घ्या.

सुरू होतंय, पण प्रत्येक वेबसाइट प्रमाणपत्र चुकीचं असल्याचं सांगतेय? कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि ब्राउझरला आजचं प्रमाणपत्र भविष्यातलं वाटतं. त्या अवस्थेत कमिटही करू नका, इतिहासात जुन्या तारखा घुसतात. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

अर्ध्या तासात झालं नाही तर कॅबिनेट बंद करा आणि मित्राकडे अभ्यासाला जा. परवाचा पेपर कागदावर आहे.

१२. तोवर कॉलेजच्या लॅबमधून किंवा नेट कॅफेतून प्रकल्पाचं काम केलं तर?

ब्राउझरमधून छोटी दुरुस्ती ठीक आहे. एसएसएच किल्ली (पासवर्डशिवाय लॉगिन करायची फाइल) तिथे उतरवायची नाही, पासवर्ड सेव्ह करायचा नाही, खासगी विंडो वापरायची. मेंटेनरचे अधिकार असलेल्या खात्यानं कॅफेतल्या मशीनवर बसूच नये. तिथे काय बसवलंय ते कॅफेवाल्यालाही माहीत नसतं.

लॅबमध्ये स्वतःचा लॅपटॉप आहे पण पुश (कोड सर्व्हरवर चढवणं) अडकतंय, तर बहुधा एसएसएचचं पोर्ट २२ बंद आहे. गिटहब ४४३ वरूनही एसएसएच घेतं, त्यासाठी त्यांचा वेगळा होस्ट आहे, त्यांच्या मदत-पानावर सापडतो. पण आधी लॅबच्या सरांना विचारा.

१३. मोबाइलवरून कोड तपासून मर्ज करता येईल ना?

वाचता येईल, मर्ज नको. आमच्या प्रकल्पातलंच उदाहरण: 'दऱ्या' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. मोबाइलवर डोळ्यांनी तपासून हो म्हटलं की यादीत तोच शब्द दोनदा बसतो आणि एकाला बरोबर, दुसऱ्याला चूक ठरवणाऱ्या तक्रारी सुरू होतात. हे पकडणारी चाचणी कंप्युटरवर चालते. तुमच्या प्रकल्पात असलं काही नसेल तरी तळहाताएवढ्या पडद्यावर दोनशे ओळींचा बदल नीट वाचला जातो असं आम्हाला वाटत नाही.

१४. मोबाइलच हरवला. आता टू-फॅक्टरचा कोड येत नाही.

गिटहबनं प्रकल्पांना प्रोग्रॅमचा कोड देणाऱ्यांना टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी खात्री) सक्तीचं करायला २०२३ मध्ये सुरुवात केली, पायपीआयवर २०२४ च्या सुरुवातीपासून सगळ्यांनाच आहे. दोन्हीकडे चालू करताना रिकव्हरी कोड मिळतात. बहुतेकांनी ते डाउनलोड्समध्ये ठेवलेले असतात, म्हणजे प्र. १० मधल्या डिस्कवर. आत्ता छापून घ्या आणि मार्कशीटच्या फाइलमध्ये ठेवा. घरातली ती एकच फाइल अशी असते जी आई कधी हरवू देत नाही.

कोड नसतील तर खातं परत मिळणं लांबतं आणि कधी मिळतही नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी किमान दोन मालक हवेत (प्र. ७ च्या अटींसह).

१५. कोड गिटहबवर आहेच, मग वेगळा बॅकअप कशाला?

जे गिटमध्ये नसतं त्यासाठी. स्टॅश केलेलं (तात्पुरतं बाजूला ठेवलेलं), न चढवलेल्या शाखा, इश्यूंमधली चर्चा, आणि किल्ल्या. अँड्रॉइड अ‍ॅपवर सही करायची किल्ली गेली तर जुन्या अ‍ॅपचं अपडेट देता येत नाही. गूगल प्लेची साइनिंग सोय घेतली असेल तर फक्त अपलोडची किल्ली बदलून मिळते, नाहीतर नव्या नावानं शून्यापासून. जीपीजी (सही आणि एन्क्रिप्शनचं साधन) वापरत असाल तर किल्ली रद्द करायच्या प्रमाणपत्राची प्रतही बाहेर ठेवा. नवं जीएनयूपीजी ते किल्लीबरोबर आपोआप बनवतं, पण त्याच डिस्कवर.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जगभरचा नियम. सांगलीत त्याला एक पुरवणी: घराबाहेरची प्रत पूररेषेबाहेर. २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्यांना हे सांगायला नको. आयर्विन पुलाखाली इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या घरात एक प्रत आणि दोन गल्ल्या सोडून मित्राकडे दुसरी, याला दोन प्रती म्हणत नाहीत. विट्याला मावशी असेल तर पेनड्राइव्ह तिच्याकडे द्या. किल्ल्या एन्क्रिप्ट करून मगच.

न चढवलेल्या शाखांसाठी सोपी सवय: रोज उठताना अर्धवट कामही वेगळ्या शाखेत चढवा. नेट नसेल तर गिट बंडल वापरा, सगळ्या शाखा एका फाइलमध्ये बांधून पेनड्राइव्हवर जातात.

१६. एटीकेटी लागली. प्रकल्प सोडून द्यावा का?

सोडायलाच हवा असं नाही, पण पद खाली ठेवा. राहिलेले विषय पुढच्या सेमिस्टरच्या विषयांवर येऊन बसतात, म्हणजे ओझं वाढलेलं असतं आणि आधीच्या ओझ्यात काहीतरी राहिलं होतं. आवृत्ती काढायची जबाबदारी आणि अ‍ॅडमिनचे अधिकार दुसऱ्याकडे द्या, योगदानकर्ता म्हणून जमेल तेव्हा या. आमच्याकडे असे लोक परत आलेले आहेत, त्यांना कोणी कारण विचारत नाही. इयर डाउनची वेळ असेल तर वर्षभर पूर्ण सुट्टी घ्या, तुमचं नाव यादीतून काढत नाही.

१७. आमचा मुलगा रात्र-रात्र जागून हे फुकटचं काम करतो. याचा उपयोग काय?

काका-काकू, तुमची काळजी रास्त आहे. खरं सांगायचं तर नोकरीची हमी यात नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचायची, अनोळखी माणसाशी लेखी नीट बोलायची सवय लागते, आणि केलेलं काम सगळ्यांना दिसेल असं राहतं. मुलाखतीत दाखवायला ते बरं पडतं.

रात्री जागायचं मात्र काही कारण नाही. आमच्या प्रकल्पात रात्रीत झालंच पाहिजे असं एकही काम नसतं. त्याला प्र. ३ मधली सूचना दाखवायला सांगा. लावलेली असेल तर तो विचार करून वागतोय. नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही बोलतो.

१८. गूगल समर ऑफ कोड करायचंय, पण मेमध्ये पेपर आहेत.

मुक्तस्रोत प्रकल्पांत काम करायचा हा गूगलचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे आणि त्यात मानधन मिळतं. मे महिना साधारण ओळख करून घेण्याचा असतो, खरं काम त्यानंतर. २०२२ पासून मुदत वाढवून घ्यायची सोय आहे, आणि २०२४ पासून ९०, १७५ आणि ३५० तासांचे प्रकल्प असतात. लांब परीक्षा असेल तर ३५० च्या नादी लागू नका. प्रस्तावातच पेपरच्या तारखा लिहा. मार्गदर्शकाला तारखांचा त्रास नसतो, मेमध्ये दोन आठवडे काहीच उत्तर न आल्याचा असतो.

१९. परत आलो तर ढीग साठलाय. कुठून सुरू करू?

सगळ्यात जुन्यापासून नको, तिथे अवघड आणि कंटाळवाणं तेवढंच उरलेलं असतं. आधी खासगी सुरक्षा-तक्रारी. मग पहिल्यांदाच कोड पाठवलेल्या नव्या माणसांचे पुल रिक्वेस्ट, कारण ते अजून वाट बघत असतात, आणखी पंधरा दिवसांनी नसतील. मग एक छोटी आवृत्ती, नुसत्या दोन दुरुस्त्यांची का होईना, म्हणजे आवृत्ती काढायची यंत्रणा गंजली नाही ना ते कळतं. उरलेलं निवांत. सूचना काढायला विसरू नका. जुलैत रीडमीवर 'परीक्षा चालू' दिसली की लोक प्रकल्प मेला समजतात.

२०. पेपर पुढे ढकलला. मधले आठ दिवस मोकळे मिळाले. प्रकल्प उघडू का?

सूचनेतली तारीख पुढे करा, कारण एका ओळीत लिहा. मोकळ्या दिवसांत वाचायचा मोह झाला तर वाचा, पण मर्ज करू नका आणि शेराही टाकू नका. सूचनेत तपासणी बंद आहे असं लिहिलंय. एकाचं बघितलं की बाकीचे चौघे 'माझं का नाही' म्हणून विचारतात, आणि त्या चौघांना उत्तर देता देता आठवा दिवस येतो.